आपल्याच हायवेवरचं श्रीपेरुंबुदूर

बेळगावहून जाणारा पुणे-बेंगळुरू हायवे आपल्या इतक्या सवयीचा आहे की तो पुढं कुठं जातो, हा प्रश्न सहसा पडत नाही. वर कोल्हापूर, पुणे. खाली धारवाड, हुबळी, बेंगळुरू. आपल्या नोकऱ्या, सोयरिकी, बारशी-लग्नं बहुतेक एवढ्यातच. पण हा राष्ट्रीय महामार्ग ४८ दिल्लीहून निघतो, वडोदरा, मुंबई, पुणे, बेळगाव करत बेंगळुरूला येतो आणि तिथं न थांबता होसूर, कृष्णगिरी, वेल्लूर, कांचीपुरमवरून थेट चेन्नईला जातो. चेन्नईच्या अलीकडं चाळीसेक किलोमीटरवर, याच रस्त्याच्या कडेला श्रीपेरुंबुदूर आहे. फोन बनवणाऱ्या कंपन्यांची एकमेकींशी चाललेली चढाओढ आपण बातम्यांत वाचतो, शेअरच्या भावात बघतो. ती जमिनीवर कशी दिसते हे बघायचं असेल, तर बेळगावपासून साधारण आठशे किलोमीटरवरच्या या गावाइतकी चांगली जागा आपल्या जवळपास दुसरी नसेल.

आमचं जाणं झालं ते साड्यांच्या निमित्तानं. भावाच्या लग्नाला कांचीपुरमच्याच साड्या हव्यात, असं आई आणि मावशीनं ठरवलं. मी बेंगळुरूला नोकरी करते, फोनमध्ये चालणारं सॉफ्टवेअर लिहिते. त्यामुळं गाडी ठरवण्याचं काम माझ्याकडं आलं. सोबत मामेबहीणही होती. तिनं बेळगावात इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलाय आणि तिला होसूरकडच्या एका कारखान्यातून नुकतीच ऑफर आली होती. फोनचे सुटे भाग करणारा कारखाना. घरात तेव्हा एकच चर्चा चालली होती. मामा रोज फोनवर मला विचारायचा, "कंपनी मोठी आहे नव्हं? बुडणार नाही नव्हं?" याचं उत्तर मला एका शब्दात देता येत नव्हतं. म्हटलं, साड्या घेऊन पुढं तासभर जाऊ या, पोरीला एक जागा दाखवते.

रस्ता बघण्यासारखा आहे. होसूर ओलांडलं की पाट्यांवरची कन्नड जाऊन तमिळ येते. आपण बेळगावकर पाट्यांच्या बाबतीत जरा हळवे असतो, त्यामुळं हा बदल चटकन लक्षात येतो. याच कृष्णगिरी जिल्ह्यात टाटा इलेक्ट्रॉनिक्सचा कारखाना आयफोनचे बाहेरचे धातूचे भाग करतो. पुढं डोंगर मागं पडतात, पालार नदीचं बहुतेक वेळा कोरडंच असणारं पात्र दिसतं, आंबूर-वाणियंबाडीच्या चामड्याच्या कारखान्यांच्या पाट्या लागतात आणि मग वेल्लूर येतं.

वेल्लूरला जेवायला थांबलो, तेव्हा किल्ला बघितला. खंदकात अजून पाणी आहे. दक्षिण दिग्विजयात शिवाजी महाराजांच्या सैन्यानं वर्षभराहून जास्त काळ वेढा घालून १६७८ मध्ये हा किल्ला आदिलशाहीच्या सरदाराकडून घेतला. तो बांधला विजयनगरच्या अमदानीत. मराठ्यांच्या नंतर तो मोगलांकडं, मग अर्काटच्या नवाबाकडं, शेवटी इंग्रजांकडं गेला. दगड तेच, निशाणं बदलत गेली. आत राहणाऱ्या, पाणी भरणाऱ्या, दाणावैरण पुरवणाऱ्या माणसांना दर वेळी नव्या धन्याशी जुळवून घ्यावं लागलं असणार. श्रीपेरुंबुदूरला पोहोचेपर्यंत हे माझ्या डोक्यात होतं.

श्रीपेरुंबुदूरची ओळख मुळात वेगळी. विशिष्टाद्वैत सांगणारे रामानुजाचार्य १०१७ मध्ये इथं जन्मले. आदिकेशव पेरुमाळचं मंदिर गावाच्या मध्यात आहे, मोठं आणि शांत. दुसरी ओळख दुःखाची. २१ मे १९९१ ला राजीव गांधींची हत्या याच गावात झाली. हायवेजवळ त्यांचं स्मारक आहे. १९८४ मध्ये सुरू झालेल्या सी-डॉटला त्यांचं पाठबळ होतं, आणि देशी बनावटीची टेलिफोन एक्स्चेंज खेड्यापाड्यांत गेली ती या संस्थेमुळं. आपल्या आई-बाबांच्या पिढीनं ज्या पिवळ्या एसटीडी बूथवर रात्री नऊनंतर रांगा लावल्या, ते बूथ त्याच काळातले. त्यांच्या हत्येनंतर सहा आठवड्यांच्या आतच, १ जुलै १९९१ ला, फिनलंडचे माजी पंतप्रधान हॅरी होल्केरी यांनी नोकियाच्या यंत्रणेवरून जगातला पहिला जीएसएम कॉल केला. आज आपण वापरतो त्या मोबाइलचा जमाना तिथून सुरू झाला. पंधरा वर्षांनी तीच नोकिया कारखाना टाकायला या गावात आली.

नोकिया म्हणजे तेव्हा काय होतं, हे आताच्या कॉलेजातल्या मुलांना सांगावं लागतं. फिनलंडमधला १८६५ चा कागदाच्या लगद्याचा कारखाना ही तिची सुरुवात. पुढं रबरी बूट, केबल, टीव्ही असं करत ती फोनमध्ये आली आणि १९९८ मध्ये अमेरिकेच्या मोटोरोलाला मागं टाकून जगातली सगळ्यात मोठी मोबाइल कंपनी झाली. २००३ चा तिचा ११०० हा टॉर्चवाला फोन तुमच्या घरातल्या कुणाकडं तरी नक्की असणार. तो पंचवीस कोटींहून जास्त खपला. धूळ न शिरणारा कीपॅड आणि वीज गेल्यावर उपयोगी पडणारा टॉर्च ही आपल्यासारख्या देशांसाठीच केलेली सोय होती.

२००५ मध्ये तमिळनाडू सरकारशी करार झाला आणि २००६ च्या सुरुवातीला श्रीपेरुंबुदूरला फोन बनू लागले. ऐन भरात तिथं सुमारे आठ हजार माणसं थेट कामावर होती. त्याच आवारात फॉक्सकॉन, सॅलकॉम्प अशा पुरवठादारांनी आपापल्या शेड टाकल्या, त्यांची माणसं वेगळी. कामगारांत मोठा भरणा आसपासच्या जिल्ह्यांतल्या, बारावी झालेल्या मुलींचा. पहाटे गावागावांतून बस निघायच्या.

फोनचा कारखाना आतून कसा असतो, याचं कुतूहल मामेबहिणीला होतं. तिला गाडीतच समजावलं, इथंही सांगते. रिकाम्या सर्किट बोर्डवर यंत्र तांदळाच्या कणीपेक्षा बारीक भाग झपाझप ठेवत जातं. मग तो बोर्ड एका लांब भट्टीतून जातो, कथील वितळतं आणि भाग पक्के बसतात. इथवर यंत्रांचं राज्य. पुढं कॅमेरा, बॅटरी, पडदा जोडणं, बारीक स्क्रू बसवणं, पट्ट्या खोचणं यात माणसाची बोटं लागतात. अंगावरची स्थिर वीज भागांना मारक ठरू नये म्हणून मनगटाला पट्टा असतो. शेवटी तपासणी: सिग्नल नीट पकडतो का, स्पीकर वाजतो का, पडद्यावर डाग आहे का. प्रत्येक फोनला पंधरा अंकी आयएमईआय नंबर मिळतो आणि तो खोक्यात जातो. उभं राहून दिवसभर एकच हालचाल करायची. नजर चुकली तर फोन परत येतो.

श्रीपेरुंबुदूरच्या मुली हे काम उत्तम करत होत्या, आणि तरी कारखाना बंद पडला. यातलीच गोष्ट मला मामेबहिणीला सांगायची होती.

२००७ मध्ये आयफोन आला, २००८ मध्ये पहिला अँड्रॉइड फोन. त्यानंतर फोन विकत घेताना लोक मजबुती कमी आणि आत काय चालतं हे जास्त बघू लागले. नोकियाचं सिम्बियन हे सॉफ्टवेअर लहान पडद्याच्या आणि बटणांच्या काळातलं. त्यावर ॲप लिहिणं किचकट होतं. २०११ च्या फेब्रुवारीत नवे प्रमुख स्टीफन इलॉप यांनी कर्मचाऱ्यांना पत्र लिहून कंपनीची अवस्था समुद्रातल्या पेटलेल्या तेलविहिरीवर उभ्या असलेल्या माणसासारखी असल्याचं सांगितलं. काही दिवसांतच त्यांनी मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फोनची वाट धरली. ती चालली नाही. २०१२ च्या पहिल्या तिमाहीत सॅमसंग पुढं गेली आणि नोकियाचं चौदा वर्षांचं पहिलेपण संपलं. २०१३ च्या सप्टेंबरात फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टला विकायचं जाहीर झालं.

त्यातच श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्याभोवती कराचा वाद उभा राहिला. फोनमधल्या सॉफ्टवेअरसाठी फिनलंडच्या मूळ कंपनीला दिलेल्या पैशांवर कर कापला नाही, म्हणून आयकर खात्यानं २०१३ मध्ये दोन हजार कोटींहून अधिक रुपयांची मागणी केली. मालमत्तेवर टाच आली. २०१४ च्या एप्रिलमध्ये मायक्रोसॉफ्टनं बाकी सगळं घेतलं, पण वादातला हा कारखाना मागं राहिला. काही महिने तो मायक्रोसॉफ्टसाठी कंत्राटावर फोन बनवत होता. हजारोंनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. मायक्रोसॉफ्टनं ऑर्डर थांबवली आणि १ नोव्हेंबर २०१४ ला काम बंद झालं. त्याच आवारातलं फॉक्सकॉनचं युनिटही मागोमाग बंद पडलं.

सॉफ्टवेअर लिहिणारी म्हणून मला यात एक गोष्ट टोचते. सिम्बियनचा निर्णय युरोपात झाला, स्पर्धा कॅलिफोर्नियातून आली, कराचा वाद सॉफ्टवेअरच्या पैशांवरून पेटला. श्रीपेरुंबुदूरच्या लाईनवर यातलं काहीच ठरलं नव्हतं, पण पगार थांबला तो मात्र तिथला.

गावात चहा प्यायला थांबलो. टपरीवजा हॉटेल चालवणाऱ्या बाई आमच्याच वयाच्या. आमचे होसूरचे ड्रायव्हर अण्णा कन्नड आणि तमिळ दोन्ही बोलतात, त्यांनी दुभाष्याचं काम केलं. मी फोनच्या कामात आहे म्हटल्यावर त्या हसल्या. त्याही २००८ पासून सहा वर्षं लाईनवर होत्या, टेस्टिंगला. पहिल्या पगारात आईला साडी आणि घराला पंखा घेतला होता. बंद झाल्यावर मिळालेल्या पैशांतलं निम्मं बहिणीच्या लग्नाला गेलं, उरलेल्यात हे हॉटेल. दुसरीकडं का नाही गेलात, विचारलं. म्हणाल्या, गेले होते. पण सगळ्यांना अठरा-वीस वर्षांच्या मुली हव्या होत्या, आणि सहा वर्षांचा अनुभव आहे म्हटलं तरी पगार नवीन मुलीचाच मिळत होता. आवाजात कडवटपणा नव्हता. मावशीला त्यांनी पैसे न घेता दुसरा चहा दिला. मावशी परत गाडीत बसताना एवढंच म्हणाली, "हाताला काम होतं, पण हातात काय राहिलं नाही बघ बाईच्या."

या गावाचं वैशिष्ट्य असं की गोष्ट तिथं थांबत नाही. नोकियाची शेड पाच वर्षं कुलूपबंद होती. २०१९ मध्ये ती जागा सॅलकॉम्पनं घेतली. ही चार्जर बनवणारी कंपनी मूळची फिनलंडमधल्या सालो गावची. त्याच सालोत नोकियाचा कारखाना होता, तो २०१२ मध्ये बंद झाला. सॅलकॉम्पची मालकी आता चिनी कंपनीकडं आहे आणि तिचे चार्जर ॲपलला जातात. म्हणजे फिनलंडच्या कंपनीची शेड, चिनी मालक, अमेरिकी गिऱ्हाईक, कामगार तमिळ.

फॉक्सकॉनही परत आली. कांचीपुरमहून येताना श्रीपेरुंबुदूरच्या आधी सुंगुवारचत्रम लागतं, तिथं तिचा मोठा कारखाना आहे. २०१९ मध्ये तिथं आयफोन बनू लागले आणि २०२४ मध्ये सोळा प्रोसारखी महागडी मॉडेलंही. भारतात जोडलेल्या मालाच्या वाढीव विक्रीवर चार ते सहा टक्के प्रोत्साहन देणारी केंद्राची योजना २०२० मध्ये आली, आणि चीनबाहेर दुसरी जागा ॲपललाही हवीच होती.

वरच्या पातळीवर आता झुंज सॅमसंग आणि ॲपलमध्ये आहे. पेटंटवरून दोघांनी २०११ ते २०१८ अशी सात वर्षं कोर्टात घालवली. २०२३ मध्ये आयडीसीच्या मोजणीनुसार वर्षभरात सर्वाधिक स्मार्टफोन पाठवण्यात ॲपलनं सॅमसंगला मागं टाकलं. पण आयफोनचा पडदा उघडून बघाल, तर तो कित्येकदा सॅमसंगच्याच उपकंपनीनं बनवलेला असतो. आपल्या एपीएमसीत दोन अडते दिवसभर भावावरून भांडतात आणि संध्याकाळी एकमेकांकडून माल उचलतात, तसाच प्रकार. सॅमसंगचा टीव्ही-फ्रिजचा कारखानाही याच श्रीपेरुंबुदूरला आहे. २०२४ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिथं ३७ दिवस संप चालला, मुख्य मागणी संघटनेला मान्यता ही होती.

चत्रम म्हणजे धर्मशाळा, आपल्या अन्नछत्रातलं छत्र. तंजावरच्या मराठा राजांनीही वाटसरूंसाठी अशी चत्रमं बांधली होती. आजच्या सुंगुवारचत्रम परिसरात वाटसरू आहेत त्या लाईनवरच्या मुली. दूरच्या जिल्ह्यांतून येतात, वसतिगृहात राहतात. डिसेंबर २०२१ मध्ये फॉक्सकॉनच्या कामगार मुलींच्या एका वसतिगृहात विषबाधा होऊन दीडशेहून अधिक जणी रुग्णालयात दाखल झाल्या. मुली रस्त्यावर उतरल्या आणि त्यांनी हाच हायवे अडवला. ॲपलनं कारखान्याला काही काळ देखरेखीखाली ठेवलं, जानेवारीत काम पुन्हा सुरू झालं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये जवळच वल्लम वडगालला राज्य सरकारनं बांधलेल्या वसतिगृहांचं उद्घाटन झालं. तिथं १८,७२० जणींची सोय आहे. त्याच वर्षी जूनमध्ये रॉयटर्सनं बातमी दिली की लग्न झालेल्या बायकांना आयफोन जोडणीच्या कामावर घेणं टाळलं जातं, आणि केंद्र सरकारनं राज्याकडून अहवाल मागवला. टपरीवरच्या बाईंचं बोलणं मला ही बातमी आठवून जास्त कळलं.

पाळी सुटायच्या वेळी आम्ही रस्त्याच्या कडेला थांबलो होतो. एकामागं एक बस आल्या. खिडक्यांत गजरे माळलेल्या, कानाला फोन लावलेल्या, पेंगणाऱ्या, खिदळणाऱ्या मुली. मामेबहीण बराच वेळ बघत होती. "ताई, या माझ्याच वयाच्या आहेत गं," म्हणाली.

परतीच्या वाटेवर आम्ही तिच्या ऑफरचं पत्र पुन्हा वाचलं. "कंपनी मोठी आहे का" हा प्रश्न बाजूला ठेवला. नोकिया जगात सगळ्यात मोठी होती. पहिलं कोण, हे दहा-पंधरा वर्षांत बदलतं आणि ते बदलणं आपल्या हातात नसतं. त्याऐवजी तिनं एचआरला चार प्रश्न मेल केले. नेमणूक कायम की ठेकेदारामार्फत? लाईनवर वर्षभर एकच स्टेशन की तपासणी, दुरुस्ती, यंत्रांची देखभाल असं फिरून शिकायला मिळेल? शिकलेल्याचं प्रमाणपत्र मिळेल का? राहायची सोय कोण बघतं आणि तक्रार कुणाकडं करायची? दोन प्रश्नांची उत्तरं चांगली आली, एकाचं गुळमुळीत, एकाचं आलंच नाही. तिनं विचार करून नोकरी घेतली, पण दोन वर्षांचा हिशेब ठरवून: तेवढ्यात यंत्रांची देखभाल शिकायची आणि संध्याकाळच्या वर्गाला बीईला नाव घालायचं. मामाला ते पटायला आठवडा लागला.

तुमच्यापैकी अनेक जण येत्या काही वर्षांत याच रस्त्यानं खाली जाणार आहात. होसूरला, कोलारजवळच्या नरसापुऱ्याला, श्रीपेरुंबुदूरला. काही लाईनवर, काही माझ्यासारखे कॉम्प्युटरपुढं. जाताना एवढं जरूर विचारा की कंपनीचं निशाण उद्या बदललं तर आपल्याजवळ काय उरेल. आणि कॉम्प्युटरपुढं बसणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं की आपण घेतलेल्या निर्णयाच्या दुसऱ्या टोकाला बसमध्ये पेंगणारी एखादी मुलगी असू शकते.

सहलीला म्हणून जाणार असाल तर: बेंगळुरूहून पहाटे निघा. वेल्लूरचा किल्ला दुपारच्या उन्हाआधी बघा. कांचीपुरमला साड्यांसाठी निदान अर्धा दिवस ठेवा, मावशी सोबत असेल तर पूर्ण. श्रीपेरुंबुदूरचं मंदिर दुपारी बंद असतं, म्हणून संध्याकाळी जा. कारखाने आतून बघता येत नाहीत आणि गेटवर फोटो काढलेले चालत नाहीत. पाळी सुटायच्या वेळी हायवेवर गाड्या मुंगीच्या चालीनं सरकतात, तेव्हा हॉर्न वाजवू नका. पुढच्या बसमध्ये कुणीतरी नुकतंच डोळे मिटलेले असतात.